बहुपदीचा भागाकार आणि अवयव: मांडणीपासून ताळ्यापर्यंत

नववी-दहावीच्या वह्या तपासताना एक प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. संश्लेषक पद्धतीने केलेला भागाकार नीटनेटका असतो, गुणाकार आणि बेरजा बिनचूक असतात, उत्तराखाली दुहेरी रेघही ओढलेली असते, आणि तरीही उत्तर चुकलेले असते. चूक शोधायला बसले की ती आकडेमोडीत सापडत नाही. बहुपदी वहीत उतरवून घेतानाच ती झालेली असते आणि पुढची सगळी मेहनत तिच्यावरच उभी राहिलेली असते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष भागाकारापेक्षा त्याच्या आधीच्या मांडणीला आणि नंतरच्या ताळ्याला जास्त जागा दिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण प्रत्येक टप्पा मागच्यावर अवलंबून आहे.

लेखात चलासाठी क्ष हे अक्षर वापरले आहे. सध्याच्या पाठ्यपुस्तकांत त्या जागी रोमन अक्षर छापलेले असते, पण रीत तीच राहते. प(क्ष) म्हणजे क्ष या चलातील प नावाची बहुपदी, आणि प(२) म्हणजे क्ष च्या जागी २ ठेवल्यावर येणारी तिची किंमत.

सुरू करण्यापूर्वी

शक्य असल्यास चौकटीची वही घ्यावी आणि एका चौकटीत एकच सहगुणक लिहावा. स्तंभ सरळ राहिले की गाळलेले पद लगेच डोळ्यांत भरते. कोऱ्या पानावर तिरके होत गेलेले आकडे ते लपवतात.

तीन शब्द पक्के असू द्यावेत. ५क्ष³ − ४क्ष + ९ या बहुपदीत क्ष³ चा सहगुणक ५ आहे, क्ष चा सहगुणक −४ आहे आणि ९ हे स्थिरपद आहे. चलाचा सर्वांत मोठा घातांक ३ असल्यामुळे बहुपदीची कोटी ३ आहे. वजाचे चिन्ह सहगुणकाचाच भाग असते. "सहगुणक ४, आणि मध्ये वजा" असे मनात धरणारा विद्यार्थी पुढे कुठेतरी ते वजा हमखास हरवतो.

टप्पा १: समोरची राशी बहुपदी आहे का, हे आधी ठरवा

चलाचा घातांक प्रत्येक पदात पूर्ण संख्या, म्हणजे ०, १, २, ३ यांपैकी काही, असेल तरच ती राशी बहुपदी असते. ही अट घातांकावर आहे, सहगुणकावर नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. √२ क्ष + १ ही बहुपदी आहे, कारण वर्गमूळ सहगुणकाला लागले आहे. २√क्ष + १ ही बहुपदी नाही, कारण तिथे क्ष चा घातांक १/२ होतो. तसेच क्ष/३ हे बहुपदीतले पद होऊ शकते, पण ३/क्ष होऊ शकत नाही, कारण त्यातला घातांक −१ आहे.

(क्ष² − ४)/(क्ष − २) ही राशी फसवी आहे. संक्षेप दिल्यावर क्ष + २ उरते खरे, पण मूळ राशीला क्ष = २ असताना काही अर्थच नाही, तर क्ष + २ ची किंमत तिथे ४ येते. दोन्ही एकच मानून पुढे गेल्यास नेमकी ती एक किंमत आपल्याला गोत्यात आणते.

सावधान: कोटी सांगण्यापूर्वी कंस सोडवून सजातीय पदे एकत्र करावीत. (क्ष + १)² − क्ष² पाहून कोटी २ सांगण्याचा मोह होतो, पण सोडवल्यावर २क्ष + १ एवढेच उरते आणि कोटी १ ठरते. नुसत्या ७ ची कोटी ० असते. शून्य बहुपदीची कोटी मात्र ठरवत नाहीत. दोन चले असतील तर एका पदातील घातांकांची बेरीज घ्यावी, म्हणजे ४क्ष³य² + क्ष⁴ ची कोटी ५ येते, ४ नव्हे.

टप्पा २: प्रमाण रूप आणि सहगुणक रूप लिहा

संपूर्ण कामातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि सर्वांत जास्त वेळा गाळला जातो तोही हाच.

समजा, ५क्ष + २क्ष⁴ − ७ − ३क्ष³ ही बहुपदी दिली आहे. कृती अशी:

१. घातांक उतरत्या क्रमाने लावा: २क्ष⁴ − ३क्ष³ + ५क्ष − ७.

२. सर्वांत मोठ्या घातांकापासून शून्यापर्यंत उलट मोजत जा: चार, तीन, दोन, एक, शून्य. जो घातांक सापडत नाही त्याचे पद ० सहगुणकाने भरा: २क्ष⁴ − ३क्ष³ + ०क्ष² + ५क्ष − ७.

३. आता फक्त सहगुणक लिहा: (२, −३, ०, ५, −७).

ताळा: सहगुणकांची संख्या कोटीपेक्षा बरोबर एकने जास्त असली पाहिजे. इथे कोटी ४ आहे आणि सहगुणक ५ आहेत. चारच भरले तर पुढे जाऊ नये.

हे शून्य कशासाठी, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. तीन हजार पाचशे सात ही संख्या आपण ३५७ अशी लिहीत नाही; दशकस्थानी काही नाही हे सांगण्यासाठी तिथे शून्य लिहून ३५०७ करतो. बहुपदीत एकक, दशक, शतक यांच्या जागी स्थिरपद, क्ष, क्ष² असतात, एवढाच फरक. किंबहुना ३क्ष³ + ५क्ष² + ०क्ष + ७ मध्ये क्ष = १० ठेवल्यास ३५०७ च मिळतात.

शून्य गाळल्यावर काय होते ते पुढच्या टप्प्यात आकड्यांनिशी पाहू. एकदा घाईत फळ्यावर मीच ते गाळले होते. चाळीस मुलांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले आणि सगळ्यांचे चुकीचे उत्तर एकमेकांशी तंतोतंत जुळले.

टप्पा ३: भाजक रेषीय असेल तर संश्लेषक पद्धत वापरा

भाजक क्ष − २ सारखा, म्हणजे एक कोटीचा असेल, तरच ही पद्धत सरळ चालते. वरचीच बहुपदी क्ष − २ ने भागू.

१. भाजक शून्य करणारी क्ष ची किंमत काढा. क्ष − २ = ० म्हणून क्ष = २. हा २ डावीकडे लिहा. भाजक क्ष + ३ असता तर −३ लिहिले असते.

२. सहगुणक एका ओळीत लिहून पहिला सहगुणक जसाच्या तसा खाली उतरवा.

३. खाली उतरवलेल्या संख्येला २ ने गुणून गुणाकार पुढच्या सहगुणकाखाली लिहा आणि बेरीज करा. हेच शेवटपर्यंत करत राहा.

सहगुणक: २, −३, ०, ५, −७
मधली ओळ: (रिकामी), ४, २, ४, १८
बेरीज: २, १, २, ९, ११

४. शेवटची संख्या, म्हणजे ११, ही बाकी. उरलेल्या संख्या भागाकाराचे सहगुणक, आणि भागाकाराची कोटी भाज्यापेक्षा एकने कमी. म्हणून भागाकार २क्ष³ + क्ष² + २क्ष + ९ आणि बाकी ११.

आता शून्य गाळून तेच पाहा. सहगुणक २, −३, ५, −७ घेतले तर खालची ओळ २, १, ७, ७ अशी येते, म्हणजे भागाकार २क्ष² + क्ष + ७ आणि बाकी ७. उत्तर दिसायला इतके स्वच्छ आहे की शंका येण्याचे कारणच राहत नाही. चौथ्या कोटीच्या बहुपदीला एक कोटीने भागल्यावर भागाकार तिसऱ्या कोटीचा यायला हवा होता, ही एकच खूण तिथे उरते.

सावधान: मधल्या ओळीत नेहमी बेरीजच करायची असते. लांबलचक भागाकारात वजाबाकी असते म्हणून काहीजण इथेही वजा करतात. इथे भाजकाचे चिन्ह आपण पहिल्याच पायरीत बदलून घेतलेले आहे, त्यामुळे पुन्हा वजा केल्यास तोच बदल दोनदा होतो.

भाजक २क्ष − १ सारखा असेल, तर एक पायरी वाढते. ६क्ष³ + क्ष² − १०क्ष + ७ ला २क्ष − १ ने भागायचे आहे. २क्ष − १ = ० वरून क्ष = १/२ मिळते. १/२ घेऊन वरचीच कृती केल्यास खालची ओळ ६, ४, −८, ३ अशी येते. पण हा भागाकार क्ष − १/२ या भाजकाचा आहे. आपला भाजक त्याच्या दुप्पट असल्यामुळे भागाकार निम्मा होतो: ३क्ष² + २क्ष − ४. बाकी मात्र ३ च राहते. बाकीलाही दोनने भागून दीड लिहिणारे बरेच भेटतात. भाजक दुप्पट आणि भागाकार निम्मा झाला की त्यांचा गुणाकार बदलत नाही, मग भाज्यातून उरणारी बाकी तरी का बदलावी, एवढे मनाशी म्हटले की चूक टळते.

टप्पा ४: भाजक दोन किंवा जास्त कोटीचा असेल तर पूर्ण भागाकार करा

२क्ष⁴ − क्ष³ + ४क्ष − ६ ला २ − क्ष + क्ष² ने भागायचे आहे, असे समजा. भाज्याबरोबरच भाजकही प्रमाण रूपात हवा, म्हणून आधी क्ष² − क्ष + २ असे लिहून घ्यावे आणि भाज्यात ०क्ष² भरावे.

१. भाज्याच्या पहिल्या पदाला भाजकाच्या पहिल्या पदाने भागा: २क्ष⁴ ÷ क्ष² = २क्ष². हे भागाकाराचे पहिले पद.

२. २क्ष² ने संपूर्ण भाजकाला गुणा: २क्ष⁴ − २क्ष³ + ४क्ष². समान घातांकाची पदे एकाखाली एक येतील अशी ही ओळ भाज्याखाली लिहा.

३. ओळीतील सर्व पदांची चिन्हे बदलून बेरीज करा. उरते: क्ष³ − ४क्ष² + ४क्ष − ६.

४. पुन्हा तेच: क्ष³ ÷ क्ष² = क्ष. गुणाकार क्ष³ − क्ष² + २क्ष. वजा केल्यावर −३क्ष² + २क्ष − ६.

५. पुन्हा: −३क्ष² ÷ क्ष² = −३. गुणाकार −३क्ष² + ३क्ष − ६. वजा केल्यावर −क्ष.

६. −क्ष ची कोटी १ आहे, भाजकाची २ आहे. बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा कमी झाली की थांबा.

भागाकार २क्ष² + क्ष − ३ आणि बाकी −क्ष.

या टप्प्यातील दहापैकी आठ चुका तिसऱ्या पायरीत होतात. पहिल्या पदाचे चिन्ह बदलले जाते, कारण ते पद नाहीसे होताना दिसायला हवे असते. पुढच्या पदांची चिन्हे बदलायची मात्र राहून जातात. त्यावर एकच उपाय आहे: बदललेली सगळी चिन्हे पदांच्या खाली वेगळी लिहावीत आणि बेरीज त्याच चिन्हांनी करावी. तोंडी वजाबाकीचा हट्ट परीक्षेच्या दिवशी तरी सोडावा.

टप्पा ५: ताळा पाहा, पण १ ठेवून नव्हे

भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. हे विधान क्ष च्या प्रत्येक किमतीला खरे असते, त्यामुळे एखादी किंमत ठेवून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहता येते. किंमत कोणती ठेवायची याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही.

क्ष = ० ठेवल्यास फक्त स्थिरपदे तपासली जातात; बाकी सगळे चुकलेले असले तरी ताळा जमतो. क्ष = १ ठेवल्यास सर्व घात १ च होतात, म्हणजे क्ष² च्या जागी चुकून क्ष³ लिहिले असले तरी ते कळत नाही. म्हणून मी २ ठेवतो, आणि भाजक २ ला शून्य होत असेल तर ३ किंवा −२.

टप्पा ४ चे उत्तर तपासू. क्ष = २ असताना भाज्य ३२ − ८ + ८ − ६ = २६. भाजक ४ − २ + २ = ४. भागाकार ८ + २ − ३ = ७. बाकी −२. आणि ४ × ७ − २ = २६. ताळा जुळला. हाच ताळा क्ष = १ ठेवून घेतला असता तर भागाकाराची किंमत २ + १ − ३ = ० आली असती, मग भाजक काहीही असता तरी दोन्ही बाजू जुळल्या असत्या.

टप्पा ६: फक्त बाकी हवी असेल तर भागाकार करू नका

शेष सिद्धांतानुसार प(क्ष) ला क्ष − अ ने भागल्यास बाकी प(अ) असते. टप्पा ३ मध्ये बाकी ११ आली होती; प(२) = ३२ − २४ + १० − ७ = ११. प्रश्नात फक्त बाकी विचारली असताना अर्धे पान भागाकार करण्यात वेळ जातो आणि चुकांना जागा मिळते.

सावधान: ऋण संख्या ठेवताना तिला कंसात लिहा. −३क्ष² मध्ये क्ष = −२ ठेवल्यास −३ × (−२)² = −३ × ४ = −१२. कंस गाळला की आधी कशाचा वर्ग करायचा याचा घोळ होतो आणि +१२ किंवा ३६ अशी उत्तरे निघतात.

उलट बाजूने पाहिले तर संश्लेषक पद्धत ही किंमत काढण्याचीही सोपी रीत आहे. २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ ही बहुपदी ((२क्ष − ३)क्ष − ११)क्ष + ६ अशी लिहिता येते. क्ष = ४ असताना: दोन चोक आठ, वजा तीन, पाच; पाच चोक वीस, वजा अकरा, नऊ; नऊ चोक छत्तीस, अधिक सहा, बेचाळीस. चार किंवा पाच पदांपर्यंत हे तोंडी जमते, आणि ६४ सारखे घात वेगळे काढावे लागत नाहीत. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारेही बहुपदीची किंमत याच रीतीने काढतात, कारण तीत गुणाकार कमी लागतात.

टप्पा ७: अवयव पाडा

बाकी शून्य आली की क्ष − अ हा अवयव असतो, हा अवयव सिद्धांत. अडचण येते ती अ कोणता घ्यावा इथे. बहुतेक विद्यार्थी १, −१, २ असे मनाला येईल ते ठेवत जातात आणि पाचव्या प्रयत्नाला कंटाळतात. त्याऐवजी आधी यादी करावी.

सहगुणक पूर्णांक असतील तर परिमेय मुळाचा अंश स्थिरपदाचा विभाजक असतो आणि छेद सर्वांत मोठ्या घाताच्या सहगुणकाचा विभाजक असतो. २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ साठी अंश १, २, ३, ६ पैकी आणि छेद १, २ पैकी. म्हणून यादी: ±१, ±२, ±३, ±६, ±१/२, ±३/२. एकूण बारा. यांच्या बाहेर परिमेय मूळ असूच शकत नाही.

१. सोप्या संख्यांपासून सुरुवात करा: प(१) = −६, प(−१) = १२, प(२) = −१२, प(−२) = ०. क्ष + २ हा अवयव मिळाला.

२. लगेच −२ घेऊन संश्लेषक भागाकार करा. खालची ओळ: २, −७, ३, ०. उरली वर्ग बहुपदी २क्ष² − ७क्ष + ३.

३. मधले पद फोडा. २ × ३ = ६; गुणाकार ६ आणि बेरीज −७ देणाऱ्या संख्या −६ आणि −१. २क्ष² − ६क्ष − क्ष + ३ = २क्ष(क्ष − ३) − १(क्ष − ३) = (क्ष − ३)(२क्ष − १).

४. उत्तर: (क्ष + २)(क्ष − ३)(२क्ष − १).

ताळा: स्थिरपदांचा गुणाकार २ × (−३) × (−१) = ६, आणि क्ष च्या सहगुणकांचा गुणाकार १ × १ × २ = २. दोन्ही मूळ बहुपदीशी जुळतात. हा ताळा अपुरा असला तरी पाच सेकंदांत होतो आणि हरवलेले चिन्ह किंवा हरवलेला २ बहुधा यातच पकडला जातो.

किमतींची चिन्हे वाया घालवू नयेत. प(०) = ६ आणि प(१) = −६, म्हणजे ० आणि १ यांच्यामध्ये कुठेतरी बहुपदी शून्य झालीच पाहिजे. यादीत तिथे फक्त १/२ आहे. ज्याने हे पाहिले त्याला दुसरा अवयव भागाकाराआधीच दिसतो.

सावधान: यादीतील एकाही संख्येला बाकी शून्य आली नाही म्हणजे अवयव पडत नाहीत, असे सरसकट म्हणता येत नाही. कोटी २ किंवा ३ असेल तर परिमेय सहगुणकांचे अवयव पडणार नाहीत, हे खरे. कोटी ४ झाली की हे तर्कशास्त्र कोलमडते. क्ष⁴ + ४ कुठल्याही वास्तव संख्येला शून्य होत नाही, तरी तिचे अवयव पडतात: ४क्ष² मिळवून वजा केल्यास (क्ष² + २)² − (२क्ष)² होते आणि त्यावरून (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २) मिळतात.

अवयव कोणत्या संख्यांच्या कक्षेत पाडायचे हेही प्रश्नात वाचून घ्यावे. क्ष² − २ चे परिमेय सहगुणकांचे अवयव नाहीत. वास्तव संख्यांत (क्ष − √२)(क्ष + √२) आहेत.

टप्पा ८: प्रत्यक्ष प्रश्न बहुपदीत मांडा आणि उत्तरातून नको ते वगळा

३० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद पुठ्ठ्याच्या चारही कोपऱ्यांतून सारख्या मापाचे चौरस कापून, कडा वर दुमडून, बिनझाकणाचा खोका करायचा आहे. खोक्याचे घनफळ १००० घन सेंमी हवे. कापायच्या चौरसाची बाजू किती?

१. चल ठरवा आणि त्याची मर्यादा लगेच लिहून ठेवा. बाजू क्ष सेंमी. रुंदीतून दोन्हीकडून क्ष जाणार, म्हणून क्ष हा ० पेक्षा मोठा आणि १० पेक्षा लहान. ही ओळ आत्ता लिहिली नाही तर शेवटी ती आठवत नाही.

२. बहुपदी मांडा. लांबी ३० − २क्ष, रुंदी २० − २क्ष, उंची क्ष. घनफळ ४क्ष³ − १००क्ष² + ६००क्ष. "लांबी ३० − क्ष" ही इथली नेहमीची चूक. कात्री दोन्ही टोकांना चालते.

३. समीकरण करा: ४क्ष³ − १००क्ष² + ६००क्ष − १००० = ०. चारने भागून क्ष³ − २५क्ष² + १५०क्ष − २५० = ०. समीकरणाला चारने भागण्याची मोकळीक आहे, कारण उजवीकडे शून्य आहे. नुसत्या बहुपदीचे अवयव पाडताना मात्र चार टाकून देता येत नाही, तो कंसाबाहेर ठेवावाच लागतो.

४. मूळ शोधा. क्ष = ५ ठेवल्यास १२५ − ६२५ + ७५० − २५० = ०. संश्लेषक भागाकाराने उरते क्ष² − २०क्ष + ५०, आणि त्याची मुळे १० + ५√२ व १० − ५√२, म्हणजे सुमारे १७.०७ आणि २.९३.

५. पहिल्या पायरीतील मर्यादा लावा. १७.०७ बाद. ५ आणि २.९३ दोन्ही चालतात.

पाच सेंमी कापल्यास २० × १० × ५ चा आटोपशीर खोका होतो, २.९३ सेंमी कापल्यास सुमारे २४.१ × १४.१ × २.९ चा पसरट. घनफळ दोन्हींचे १०००. पहिले उत्तर मिळाल्यावर वही मिटणाऱ्यांना दुसरा खोका कधीच सापडत नाही, आणि मिठाईवाल्याला बहुधा तोच हवा असतो.

टप्पा ९: तक्त्यावरून बहुपदी शोधताना फरकांची ओळ वापरा

फळवाल्याने संत्र्यांचा चौरस तळाचा मनोरा रचला आहे: वर १, त्याखाली ४, त्याखाली ९. न थर असताना एकूण संत्री १, ५, १४, ३०, ५५. यासाठी न मधील बहुपदी हवी आहे.

१. लगतचे फरक घ्या: ४, ९, १६, २५. पुन्हा फरक: ५, ७, ९. पुन्हा: २, २. तिसऱ्या वेळी फरक स्थिर झाला, म्हणून कोटी ३ धरा.

२. न³ चा सहगुणक = स्थिर फरक ÷ (३ × २ × १) = २/६ = १/३.

३. प्रत्येक संख्येतून न³/३ वजा करा. उरते २/३, ७/३, ५, २६/३. यांचा दुसरा फरक १ येतो, म्हणून न² चा सहगुणक १ ÷ (२ × १) = १/२.

४. न²/२ वजा करा. उरते १/६, १/३, १/२, म्हणजे न/६.

बहुपदी: न³/३ + न²/२ + न/६. दहा थरांसाठी १०००/३ + ५० + १०/६ = ३८५.

ताळा: न = ५ ठेवून ५५ येतात का ते पाहावे. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत पाचवी संख्या आपण वापरली नव्हती, म्हणून हा ताळा उपयोगाचा आहे. ज्या संख्यांवरून बहुपदी काढली त्यांच्यावरच ती तपासण्याला काही अर्थ नाही.

सावधान: थोड्या संख्यांवरून नियम ठरवू नये. वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक दोन बिंदू जीवेने जोडा, आत तीन जीवा एका बिंदूत मिळणार नाहीत एवढे पाहा आणि वर्तुळाचे किती भाग पडले ते मोजा. एक ते पाच बिंदूंसाठी १, २, ४, ८, १६ मिळतात. पुढे ३२ येणार असे वाटते. सहा बिंदू घेऊन मोजले की ३१ भरतात, आणि मोजण्यात आपलेच चुकले समजून माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. फरकांची ओळ लावल्यास १, २, ४, ८, १५. मग १, २, ४, ७. मग १, २, ३. मग १, १. म्हणजे ही चौथ्या कोटीची बहुपदी दिसते, आणि सातव्या बिंदूला ५७ भाग यायला हवेत.

इथे खात्री फरकांवरून होत नाही, ती मोजणीच्या युक्तिवादातून मिळवावी लागते. भागांची संख्या १ + जीवांची संख्या + आतील छेदनबिंदूंची संख्या एवढी असते. सात बिंदूंत जीवा २१. कोणतेही चार बिंदू एक छेदनबिंदू देतात, म्हणून छेदनबिंदू ३५. आणि १ + २१ + ३५ = ५७.